लष्करी संग्रहालयातील लूट कोणाची? मग्दला, १८६८ आणि मुंबईची फौज

प्रश्न : कोरेगावकर

लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने मार्च २०१९ मध्ये सम्राट दुसरा तेवोद्रोस याच्या केसांच्या बटा इथिओपियाच्या सांस्कृतिक मंत्र्यांच्या स्वाधीन केल्या. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दलाच्या गडात ब्रिटिश फौज शिरत असताना तेवोद्रोसने जिवंत हाती लागण्याऐवजी पिस्तुलाने स्वतःचा शेवट केला आणि त्यानंतर त्याच्या मृतदेहाचे केस कापून नेण्यात आले. मृत्युशय्येवरील सम्राटाचे चित्र काढणाऱ्या चित्रकाराच्या नातेवाइकांकडून ते १९५९ मध्ये संग्रहालयाकडे आले आणि साठ वर्षांनी, क्वारा येथील मठातील त्याच्या समाधीत ठेवण्यासाठी, परत गेले.

हे प्रकरण ब्रिटन आणि इथिओपिया या दोन देशांमधले आहे, असे समजूनच त्याविषयी सहसा लिहिले जाते. परंतु ती मोहीम मुंबईची होती. तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा त्या वेळी मुंबई फौजेचा सरसेनापती होता. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर झुला येथे उतरून डोंगराळ मुलुखातून मग्दलापर्यंत गेलेल्या सुमारे तेरा हजार सैनिकांमध्ये गोऱ्यांपेक्षा हिंदी शिपाई जास्त होते, आणि जड तोफा वाहण्यासाठी ४४ हत्तीही हिंदुस्थानातूनच नेलेले होते. मराठा लाइट इन्फंट्री आणि बाँबे सॅपर्स यांच्या बॅटल ऑनरच्या, म्हणजे लढायांबद्दल पलटणीला मिळालेल्या सन्मानांच्या, यादीत ‘अ‍ॅबिसिनिया’ (इथिओपियाचे जुने नाव) हे नाव आजही आहे.

गड पडल्यावर राजवाडा, खजिना आणि मेधाने आलेम या चर्चमधून मुकुट, सोन्याचा प्याला, क्रूस, हस्तलिखिते, वस्त्रे आणि शस्त्रे काढण्यात आली. पंधरा हत्ती आणि जवळजवळ दोनशे खेचरे यांच्या पाठीवर लादून हा ऐवज दालांता पठारावर नेला गेला आणि तेथे दोन दिवस त्याचा लिलाव चालला. त्यातील वस्तू आज ब्रिटिश म्युझियम, ब्रिटिश लायब्ररी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि काही पलटणींचे संग्रह यांत विखुरलेल्या आहेत.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. लष्करी संग्रहालयात ठेवलेली प्रत्येक जिंकलेली वस्तू नैतिकदृष्ट्या एकाच मापाने मोजावी का, की तोफ, निशाण, देवघरातील वस्तू आणि माणसाचे केस यांचा विचार वेगवेगळा करावा? आणि ज्या मोहिमेत आपल्याच प्रांतातील पलटणी होत्या तिच्या लुटीबद्दल बोलताना आपण केवळ त्रयस्थ म्हणून बोलू शकतो का? ‘ब्रिटिशांनी सगळेच लुटले’ एवढ्यावर चर्चा संपू नये अशी विनंती आहे.

उत्तर १ : जुने_कागद

प्रश्नात लिलावाचा उल्लेख आला आहे, तेथूनच सुरुवात करतो, कारण या विषयातील सर्वांत कमी समजला जाणारा भाग तोच आहे.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश फौजेत लूट ही केवळ शिस्त मोडलेल्या शिपायांची करणी नव्हती. तिच्यासाठी रीतसर यंत्रणा होती. शिपायाने उचललेला ऐवज ‘प्राइझ एजंट’ म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जमा करायचा, त्यांनी त्याचा लिलाव करायचा आणि आलेली रक्कम हुद्द्याप्रमाणे वाटायची, अशी ती पद्धत. ज्याने वस्तू विकत घेतली त्याच्याकडे पावती असे, आणि पावती आली की लुटीची मालमत्ता होई. मग्दलाच्या लिलावातून सुमारे ५,००० पौंड आले आणि प्रत्येक सैनिकाच्या वाट्याला चार डॉलरहून किंचित अधिक रक्कम पडली. त्या लिलावातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक ब्रिटिश म्युझियमचा रिचर्ड होम्स हा होता. संग्रहालयाने त्याला पैसे देऊन मोहिमेबरोबर धाडले होते, म्हणजे गड पडण्यापूर्वीच खरेदीची तयारी झालेली होती. त्याने घेतलेली सुमारे साडेतीनशे हस्तलिखिते आज ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहाचा भाग आहेत. याच होम्सने कुएराता रेसू नावाचे येशूचे एक प्राचीन, अत्यंत पूज्य चित्र मात्र संग्रहालयाला न सांगता स्वतःजवळ ठेवले. १८७२ मध्ये सम्राट चौथा योहानेस याने ते चित्र आणि ‘केब्रा नगस्त’ या ग्रंथाचे हस्तलिखित परत मागितले, तेव्हा ग्रंथाची एक प्रत परत गेली आणि चित्र कोठे आहे ते ठाऊक नसल्याचे उत्तर गेले. परतफेडीची मागणी ही आजकालची टूम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे. गड पडल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती.

या प्राइझ पद्धतीचा मराठी मुलखाशी थेट संबंध आहे. १८१७-१८ च्या युद्धानंतर ‘डेक्कन प्राइझ मनी’ची वाटणी कोणत्या सैन्यात कशी करावी यावरून ब्रिटिश सेनापतींमध्येच वर्षानुवर्षे वाद चालला. त्याच प्रकरणातून निघालेला एलफिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद हा खटला १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे वसाहतींतील खटल्यांच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर, आला. पेशव्यांच्या पदरी असलेल्या आणि रायगडाची किल्लेदारी सांभाळलेल्या नारोबा औटी यांचा खजिना पुण्यात पेशव्यांची मालमत्ता ठरवून जप्त झाला होता. तो खाजगी होता, असा वारसांतर्फे दावा होता. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने वारसांच्या बाजूने निकाल दिला. प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. जप्तीच्या वेळी युद्धाची धग अजून शमलेली नव्हती, त्यामुळे ही शत्रूविरुद्धची कारवाई ठरते आणि दिवाणी न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही, असे त्यामागचे कारण देण्यात आले.

म्हणून ‘त्या काळी ते कायदेशीर होते’ हे वाक्य कोणी वापरले की मी एवढेच विचारतो, की कायदा कोणी केला होता आणि हरलेल्याला त्या कायद्यापुढे उभे राहण्याची मुभा होती का? शिवाय त्या काळच्या सर्वच लोकांना ते योग्य वाटत होते हेही खरे नाही. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८७१ मध्ये पार्लमेंटमध्ये, या वस्तू अ‍ॅबिसिनियाहून आणल्याच का गेल्या हे आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचा खेद बोलून दाखवला होता.

उत्तर २ : स्पष्टवक्ता

मला या चर्चेत एक बाजू हरवलेली दिसते. तेवोद्रोसविषयी आज जी सहानुभूती व्यक्त होते ती वाचताना तो एखादा निरुपद्रवी संत होता असा समज व्हावा. राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही म्हणून त्याने ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी (कॉन्सल) कॅमेरॉन आणि कित्येक मिशनरी यांना वर्षानुवर्षे बेड्या घालून ठेवले. लढाईच्या आदल्या दिवशी त्याने आपल्याच देशातील कैद्यांना कड्यावरून लोटून मारले. मग्दलाच्या चर्चमध्ये जी संपत्ती सापडली तिचा मोठा भाग त्याने स्वतः गोंदर येथील चर्चे लुटून गोळा केलेला होता. म्हणजे लुटारूकडून लूट जिंकली गेली. आता ती परत करायची तर कोणाला? आदिस अबाबाच्या सरकारला? तेवोद्रोसच्या वंशजांना? की गोंदरच्या चर्चेसना?

दुसरे असे, की जगातील प्रत्येक लष्करी संग्रहालय जिंकलेल्या वस्तूंवर उभे आहे. स्टॉकहोमच्या लष्करी संग्रहालयात सतराव्या आणि अठराव्या शतकांत स्वीडिश सैन्याने जिंकलेली हजारो निशाणे आहेत. ती सगळी पोलंड, डेन्मार्क, रशिया आणि जर्मनीला वाटून टाकली तर तेथे भिंतीच उरतील. काळाची एक मर्यादा मान्य केल्याशिवाय या विषयाला टोकच सापडणार नाही.

उत्तर ३ : खडकीचा_फौजी

मी सैन्यातून निवृत्त झालो आहे, इतिहासकार नाही. परंतु मेसमधील आणि रेजिमेंटच्या संग्रहातील वस्तूंची देखभाल माझ्याकडे काही काळ होती, त्यामुळे कोरेगावकरांच्या पहिल्या प्रश्नावर थोडे लिहितो.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा उभा आहे. पंजाबमध्ये असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानने इतके पॅटन गमावले, की ते जेथे गोळा करून ठेवले त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. हे रणगाडे परत द्यावेत असे पाकिस्ताननेही कधी गांभीर्याने म्हटल्याचे मी ऐकलेले नाही, आणि त्यामागे कारण आहे. रणांगणावर लढताना हाती आलेले शत्रुराज्याचे शस्त्र जिंकणाऱ्या राज्याचे होते, हा सर्व सैन्यांनी मान्य केलेला रिवाज आहे. ते राज्याचे होते, पकडणाऱ्या जवानाचे नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे. तो रणगाडा आपल्यावर गोळे टाकण्यासाठीच आला होता. त्याला गमावण्याची जोखीम त्याच्या मालकाने जाणूनबुजून पत्करली होती. निशाणांचेही साधारण तसेच. निशाण रणांगणात नेले जाते ते त्याच्याभोवती माणसे मरायला तयार असतात म्हणून. ते जिंकले आणि हरले जाऊ शकते हे त्याच्या अर्थातच आहे. म्हणून स्टॉकहोमच्या निशाणांविषयी मी स्पष्टवक्ता यांच्याशी बहुतांशी सहमत आहे.

परंतु चर्चमधील प्याला कोणावर गोळी झाडत नव्हता. १९०७ च्या हेग नियमावलीत हा फरक अगदी स्वच्छ आहे. लष्करी कामाला उपयोगी पडणारी शत्रुराज्याची जंगम मालमत्ता ताब्यात घेता येते, लुटीला मात्र पूर्ण मनाई आहे, आणि धर्म, शिक्षण व कला यांच्या संस्थांची मालमत्ता राज्याची असली तरी तिला खाजगी मालमत्तेप्रमाणे संरक्षण आहे. मग्दला त्यापूर्वीचे, हे मान्य. तरी नियमावलीने हा भेद आकाशातून आणलेला नाही. सैनिकांच्या मनात तो आधीपासून होता, फक्त पाळला जात नव्हता.

या दोन टोकांच्या मधली एक जात आहे आणि संग्रहालयात काम करताना मला खरा त्रास तिने दिला. मेलेल्या किंवा पकडलेल्या शत्रुसैनिकाच्या अंगावरील वस्तू. पाकीट, घरून आलेले पत्र, मुलाचा फोटो, गळ्यातील ताईत, ओळखपत्र, पदक. जगातील बहुतेक लष्करी संग्रहालयांत अशा वस्तू काचेच्या पेटीत दिसतात आणि पाहणाऱ्यांची गर्दीही तेथेच जास्त होते. जिनिव्हा करारांप्रमाणे युद्धकैद्याच्या वैयक्तिक वस्तू त्याच्याकडेच राहिल्या पाहिजेत, त्याची पदके आणि हुद्द्याची चिन्हेही काढून घेता येत नाहीत, आणि मृताजवळ सापडलेल्या भावनिक मोलाच्या वस्तू त्याच्या पक्षाकडे पोहोचत्या कराव्या लागतात. रणगाड्यावर फलक लावून फोटो काढून घेण्यात मला कधीच संकोच वाटला नाही, कोणालाही वाटू नये. पत्राच्या बाबतीत मात्र ते ज्या बाईने लिहिले तिच्या घरी अजून कोणी असेल, हा विचार डोक्यातून जात नाही, आणि म्हणून माझे मत असे आहे की अशी वस्तू ज्या संग्रहालयाकडे आहे त्याने मागणी येण्याची वाट पाहूच नये. तेवोद्रोसचे केस हे याच जातीत, किंबहुना याच्याही पलीकडे, मोडतात.

कोरेगावकरांचा दुसरा प्रश्न अवघड आहे. शिपायाला मोहिमेवर जायचे की नाही हे विचारले गेले नव्हते, आणि लिलावात बोली लावून मुकुट घेण्याइतका त्याचा पगारही नव्हता. त्याच्यावर ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते. परंतु रेजिमेंट ही चिरंतन असते असे आम्हीच मानतो. १८६८ चा बॅटल ऑनर आम्ही मिरवतो, कारण ती पलटण आणि आजची पलटण एकच आहे असे आम्ही समजतो. मग सन्मान आपला आणि लूट फक्त साहेबाची, असे म्हणता येणार नाही. मग्दला पडण्यापूर्वी झालेल्या आरोगीच्या लढाईत स्नायडर रायफलींपुढे सुमारे सातशे हबशी सैनिक पडले आणि आपल्याकडील वीस जखमी झाले, हेही त्या सन्मानाच्या शेजारी लिहिलेले असावे.

हे कठीण नाही याचा दाखला आपल्याच सैन्यात आहे. चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी, म्हणजे १९००-०१ मध्ये, ब्रिटिश हिंदी फौजेने बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवनमधील एक घंटा उचलून हिंदुस्थानात आणली होती. ती पुढे आपल्या सैन्याकडे वारशाने आली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास भारतीय सैन्याने ती चीनला परत दिली. तिच्यासाठी ना न्यायालय लागले, ना संसदेचा कायदा. ज्या देशाशी १९६२ मध्ये आपण लढलो त्यालाही ती देता आली.

उत्तर ४ : थेम्सकाठची

मी ब्रिटनमध्ये संग्रहालय क्षेत्रात काम करते. फौजी काकांच्या उत्तरानंतर मूळ मुद्द्यावर फार काही उरत नाही, तरी कायद्याची बाजू स्पष्ट करते, कारण ‘ब्रिटनचा कायदा परत देऊ देत नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे.

ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ च्या कायद्याने, अगदी मोजके अपवाद सोडले तर, संग्रहातील वस्तू कायमची देऊन टाकण्यास मनाई आहे. नॅशनल आर्मी म्युझियम या दोन्ही कायद्यांच्या कक्षेत येत नाही, म्हणून त्याच्या विश्वस्तांना स्वतःच निर्णय घेता आला. पलटणींच्या लहान संग्रहालयांपैकी पुष्कळ तर खाजगी न्यासांची आहेत आणि त्यांचे हात त्याहूनही मोकळे आहेत. गंमत अशी की सर्वसाधारण लोकांना लष्करी संग्रहालये ही सर्वांत कडवी वाटतात, पण परतफेडीच्या बाबतीत तीच सर्वांत लवकर हलू शकतात. ती का हलत नाहीत याचे कारण कायद्यात शोधू नये. ज्यांच्या पणजोबांनी ती वस्तू आणली ती घराणी आणि निवृत्त अधिकारी समितीवर असतात, आणि वस्तू परत करणे म्हणजे पणजोबांना चोर म्हणणे असे त्यांना वाटते. या भावनेची टिंगल करून काही साधत नाही. तिच्याशी बोलावे लागते.

मोठ्या संग्रहालयांनी कायद्यातून जी पळवाट काढली आहे तिचे नाव दीर्घ मुदतीची उसनवारी. २०१८ मध्ये मग्दला मोहिमेला दीडशे वर्षे झाली तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने मुकुट आणि प्याला इथिओपियाला अशा उसनवारीने देण्याची तयारी दाखवली. २०२४ मध्ये असांते राजांच्या सोन्याच्या आणि चांदीच्या ३२ वस्तू याच पद्धतीने तीन वर्षांसाठी घानातील कुमासी येथे गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखे आली तीही तीन वर्षांच्या उसनवारीनेच. ज्याची वस्तू नेली त्याने ती उसनी घ्यायची आणि मुदत संपताच परत पाठवण्याची लेखी हमी द्यायची, यात एक अपमान दडलेला आहे. तरीही ती वस्तू लोकांना डोळ्यांनी पाहता येते, हा लाभ मी हलका मानत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वाघनखांचा उल्लेख अशा चर्चांत लूट म्हणून हमखास होतो. संग्रहालयाकडील नोंदीप्रमाणे ती साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातील कंपनी सरकारचा प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ याच्याकडे आली ती पेशव्यांच्या मंत्र्याने दिलेली भेट म्हणून. आणि अफझलखानाच्या वधाच्या वेळची ती हीच याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालय स्वतः सांगते. १८१८ नंतर हरलेल्या दरबारातील मंत्री जेत्या रेसिडेंटाला जी ‘भेट’ देतो ती कितपत स्वेच्छेची, हा रास्त प्रश्न आहे. परंतु तो मग्दलाच्या प्रश्नाहून निराळा आहे, आणि सगळ्यालाच लूट म्हटले की जेथे खरोखर लूट झाली तेथील मागणीचे बळ कमी होते. रघुजी भोसल्यांच्या तलवारीचे उदाहरण आणखी वेगळे. ती महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली. ती इंग्रजांकडे नेमकी कशी गेली याचा कागद नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचा खजिना लुटला गेला तेव्हा गेली असावी, हा तर्क आहे. तलवार घरी आली याचा मलाही आनंद झाला. पण सरकारे लिलावात उतरू लागली की अशा वस्तूंचे भाव चढतात आणि ज्यांच्या माळ्यावर त्या आहेत त्यांना दान देण्यापेक्षा विकणे सोयीचे होते, ही बाजूही पाहिली पाहिजे.

आता स्पष्टवक्ता यांच्याविषयी. तेवोद्रोसने गोंदरची चर्चे लुटली हे खरे आहे आणि ते इथिओपियाचे इतिहासकारही लपवत नाहीत. परंतु गोंदरचा माल गोंदरला द्यावा की आदिस अबाबाला, हा इथिओपियातील लोकांनी आपापसांत सोडवण्याचा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत माल लंडनने सांभाळावा, हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो ते मला समजत नाही. ब्रिटिश म्युझियमकडे मग्दलाहून आलेले अकरा ताबोत आहेत. ताबोत म्हणजे इथिओपियाच्या चर्चच्या गाभाऱ्यातील पवित्र पाटी, जिच्याशिवाय चर्चला पावित्र्यच नाही आणि जी पुरोहितांखेरीज कोणी पाहू नये असा दंडक आहे. संग्रहालय त्या दंडकाचा मान राखते, म्हणून ते ताबोत बंद खोलीत ठेवलेले आहेत. लोकांना ते दाखवले जात नाहीत, अभ्यासकांनाही नाही, आणि संग्रहालयाचे कर्मचारीसुद्धा पाहत नाहीत. जी वस्तू कोणालाच दाखवायची नाही ती जगासाठी जपून ठेवली आहे, असे म्हणायला तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? एडिंबरोच्या एका चर्चला आपल्या कपाटात असाच एक ताबोत सापडला, तेव्हा त्यांनी २००२ मध्ये तो सरळ परत केला.

काळाच्या मर्यादेबाबत मात्र मी त्यांच्या म्हणण्याला काही वजन देते. तेवोद्रोसचा मुलगा अलेमायेहू याला सातव्या वर्षी ब्रिटनला नेण्यात आले. अठराव्या वर्षी, १८७९ मध्ये, तो तेथेच वारला आणि विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या अस्थी परत देण्यास राजघराण्याने २०२३ मध्ये नकार दिला, कारण त्या काढताना शेजारच्या अनेकांच्या अवशेषांना धक्का लागेल. मला हे कारण पुरेसे वाटत नाही, पण ते खोटेही म्हणता येत नाही. काही गोष्टी खरोखर गुंतून गेलेल्या असतात.

उत्तर ५ : वसईची_लेक

थोडे विषयाच्या कडेने लिहिते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चेसच्या मोठ्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील, भीमाशंकरची, मेणवलीच्या घाटावरची, पालीच्या बल्लाळेश्वराची अशी कितीतरी नावे सांगता येतील. काहींवर क्रूस किंवा मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आजही दिसते. लंडनकडे मागताना आपल्या अंगणातील घंटा कोणाला आठवत नाहीत.

आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक त्या परत मागतो असे कृपया कोणी समजू नये. ज्या किल्ल्यातील चर्चेससाठी त्या ओतल्या गेल्या ती आज भग्न आहेत, आणि पोर्तुगीज सत्ता आमच्या पूर्वजांना आणि त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांना किती सुखाची होती हाही स्वतंत्र विषय आहे. घंटा गेली अडीचशेहून अधिक वर्षे पूजेत वाजत आहेत, बंद खोलीत पडून नाहीत. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. अपेक्षा इतकीच, की जेथे मंदिराच्या माहितीफलकावर ‘वसईच्या विजयाची खूण’ असे अभिमानाने लिहिले जाते तेथे ती कोणत्या उपासनास्थानातून आली हेही एका ओळीत लिहावे. फौजी काकांनी आरोगीच्या सातशे मृतांविषयी जे म्हटले, तेच मी घंटांविषयी म्हणते आहे.

उत्तर ६ : स्पष्टवक्ता

ताबोतांचा मुद्दा मला मान्य आहे; त्यांच्या बाबतीत ‘जगासाठी जतन’ हा युक्तिवाद टिकत नाही. मात्र हस्तलिखितांबद्दल माझे मत कायम आहे. साडेतीनशे हस्तलिखिते एके ठिकाणी, सूचीबद्ध, अभ्यासकांना खुली आहेत. गेल्या काही वर्षांत इथिओपियाच्या उत्तर भागात, तिग्राईमध्ये, जे युद्ध झाले त्यात चर्चे आणि मठ लुटले गेले आणि त्यांतील वस्तू परदेशी बाजारात विकायला आल्या. मालकी इथिओपियाची मान्य करावी आणि शांतता स्थिर होईपर्यंत ताबा लंडनचा राहावा, अशी व्यवस्था का नसावी? उसनवारी उलट्या दिशेने, एवढाच बदल होईल.

उत्तर ७ : थेम्सकाठची

मालकी आधी मान्य करून मग ताब्याविषयी करार, ही व्यवस्था मलाही स्वीकारार्ह वाटते. तिच्यात वस्तू कोठे आहे यापेक्षा ती कोठे असावी हे ठरवणार कोण, हा प्रश्न आधी सुटतो. अडचण इतकीच, की ब्रिटिश लायब्ररीला मालकी सोडून देता यावी यासाठीही पार्लमेंटला कायदा बदलावा लागेल. युद्धाच्या मुद्द्याबद्दल मात्र सावध राहावे. ‘तुमच्याकडे सुरक्षित नाही’ हे कारण अमुक वस्तूला अमुक काळापुरते खरे असू शकते. ते एकदा स्वीकारले की त्याची मुदत कधीच संपत नाही.

कोरेगावकर

सर्वांचे आभार. फौजी काकांनी केलेले तीन भाग, म्हणजे लढताना हाती आलेली राज्याची शस्त्रे, माणसाच्या अंगावरील वस्तू आणि उपासनेच्या वस्तू, मला सर्वांत उपयोगी वाटले. त्यातील पहिल्या भागाबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. तेवोद्रोसची ढाल किंवा वस्त्रे यांसारख्या वस्तू नेमक्या कोणत्या भागात टाकाव्यात हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही, कारण ती लढताना हातात होती की नंतर वाड्यातून काढली, यावर सगळे अवलंबून आहे आणि लिलावाच्या पावतीवर ते लिहिलेले नसते.

जुने_कागद यांना एक विचारायचे आहे. मुंबई फौजेच्या त्या मोहिमेचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहायचे ठरवले, तर लष्करी खात्याच्या दप्तरापासून सुरुवात करावी की राजकीय खात्याच्या? लिलावातील रकमेच्या वाटणीत हिंदी शिपायांच्या नावांची यादी मिळाली, तर ती आपल्या दोन्ही रेजिमेंटच्या संग्रहालयांना पाठवण्याचा माझा विचार आहे. त्यांनी ती ‘अ‍ॅबिसिनिया’च्या फलकाशेजारी लावावी की नाही, ते त्यांनी ठरवावे.

जुने_कागद

लष्करी खात्यापासून सुरुवात करा, आणि १८६८ वर थांबू नका. प्राइझच्या रकमांचे वाटप मोहीम संपल्यावर पुष्कळ काळ रेंगाळत असे, म्हणून पुढील तीन-चार वर्षांचे खंडही मागवा. पलटणींची नावे त्या काळच्या क्रमांकाने येतील, आजच्या नावाने नाही. तेवढी जुळवणी आधी करून मग जा.